बटण एकदा दाबलं, इंटरप्ट सात वेळा आला: तपासणी कुठून सुरू करायची

इंटरप्ट म्हणजे पिनची स्थिती बदलली की कंट्रोलरला हातातलं काम थांबवायला लावणारा इशारा. खालचं सगळं आर्डुइनो उनो, म्हणजे एटीमेगा३२८पी चिपचा बोर्ड, समोर ठेवून लिहिलं आहे. बटणाचं एक टोक पिन २ ला, दुसरं ग्राउंडला. दाबलं की पिन लो (शून्याजवळ), सोडलं की हाय (५ व्होल्टजवळ). ईएसपी३२ किंवा एसटीएम३२ या दुसऱ्या कंट्रोलरांवर गोष्ट वेगळी असेल तिथे तसं सांगितलं आहे.

आधी लक्षणं ओळखा

- एकदा दाबलं तरी मोजणी २, ५, ७ अशी कितीनेही वाढते आणि दर वेळी आकडा वेगळा येतो.
- दाबताना एक इंटरप्ट बरोबर येतो, पण सोडतानाही एक येतो.
- बटणाला हात न लावताच मोजणी धावते. वायरजवळ बोट नेलं की आणखी जोरात धावते.
- कितीही दाबा, काहीच होत नाही.
- बोर्ड चालू केल्या केल्या, न दाबता, एक इंटरप्ट येतो आणि नंतर सगळं ठीक चालतं.
- रिले किंवा मोटर चालू-बंद झाली की बटण दाबल्यासारखं होतं.
- बटण दाबलं की बोर्ड अडकतो किंवा रीसेट होतो.

यातली दोन-तीन लक्षणं एकत्र दिसू शकतात. म्हणून मूळ प्रोजेक्टच्या कोडमध्ये लगेच बदल करत बसू नका. आधी एक छोटं वेगळं स्केच (आर्डुइनोचा प्रोग्राम) लिहा: आयएसआरमध्ये, म्हणजे इंटरप्ट आला की चालणाऱ्या फंक्शनमध्ये, फक्त मोजणी एकाने वाढवायची आणि लूपमध्ये दर सेकंदाला तो आकडा सिरीयल मॉनिटरवर छापायचा. एलसीडी, वायफाय, रिले यातलं काहीही त्यात नको. बटणाला हात न लावता १० सेकंद आकडा पाहा, तो शून्यावर राहिला पाहिजे. मग दहा वेळा दाबा आणि किती झाले ते लिहून ठेवा. पुढच्या प्रत्येक बदलानंतर हेच दोन आकडे पुन्हा घ्यायचे. हे आकडे नसले की कोणत्या बदलाने फरक पडला ते कळत नाही, आणि चार बदल एकदम करून दोष नुसता झाकला जातो.

या आकड्यांतून एक गोष्ट तर लगेच कळते. हात न लावता मोजणी दर सेकंदाला साधारण ५० ने वाढत असेल, तर पिन हवेत लोंबकळते आहे आणि घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची गुणगुण पकडते आहे. इंटरप्ट चेंज मोडवर, म्हणजे पिन कोणत्याही दिशेने बदलली की येणारा, असेल तर हाच आकडा १०० च्या आसपास येतो, कारण प्रत्येक लाटेत एक चढ आणि एक उतार असतो. असं दिसलं की बाउन्सच्या (काँटॅक्टच्या उसळ्यांच्या) मागे लागू नका, पुल-अप, म्हणजे पिनला हायकडे ओढून धरणारा रेझिस्टर, तपासा.

बटण आडवं बसलंय का

याला खर्च शून्य आणि वेळ एक मिनिट. चार पायांच्या लहान टॅक्ट स्विचमध्ये दोन-दोन पाय आतून कायमचे जोडलेले असतात. ब्रेडबोर्डवर बटण ९० अंशांत फिरून बसलं की तुम्ही आधीच जोडलेले दोन पाय वापरता. मग पिन सतत लो राहते आणि दाबून काहीच होत नाही. मल्टीमीटर कंटिन्युइटीवर ठेवा. न दाबता बीप वाजली तर पाय चुकले. तिरपे समोरासमोरचे दोन पाय घेतले की बटण कसंही बसलेलं असो, जोडणी चुकत नाही.

तेवढ्यातच दाबलेल्या बटणाचा रेझिस्टन्स मोजून घ्या. चांगलं बटण एका ओहमच्या खाली दाखवतं. आकडा शंभर-दोनशे ओहम येत असेल, किंवा बोट हलवलं की बदलत असेल, तर आतला काँटॅक्ट खराब झालाय. त्यावर डिबाउन्सचा, म्हणजे उसळ्या गाळण्याचा, कितीही चांगला कोड लिहा, उपयोग नाही. बटण बदला.

पुल-अप खरंच लागू झालाय का

पिनमोडमध्ये नुसतं इनपुट लिहिलं असेल तर तिथे इनपुट_पुलअप हवं. उनोच्या आतला पुल-अप २० ते ५० किलोओहमचा असतो. टेबलावर, बोटभर वायरला तो पुरतो. बटण न दाबता पिनवर व्होल्टेज मोजा, ते ५ व्होल्टच्या अगदी जवळ हवं. दाबल्यावर शून्याच्या जवळ. उनोची पिन पुरवठ्याच्या ०.३ पटीखाली लो आणि ०.६ पटीवर हाय मानते, म्हणजे ५ व्होल्टवर दीडच्या खाली लो आणि तीनच्या वर हाय. मधल्या पट्ट्यात व्होल्टेज रेंगाळत असेल तर पिन कोणत्या बाजूला वाचली जाईल याचा भरवसा नाही.

ईएसपी३२ वाल्यांचा सगळ्यात जास्त वेळ इथे जातो. जीपीआयओ ३४ ते ३९ या पिना फक्त इनपुट आहेत आणि त्यांना आतला पुल-अप नाहीच. कोडमध्ये लिहिलं तरी तो लागू होत नाही. बाहेरून ३.३ व्होल्टला १० किलोओहमचा रेझिस्टर लावावाच लागतो. शिवाय जीपीआयओ ३६ आणि ३९ यांची एक जाहीर त्रुटी आहे: चिपच्या आतला एडीसीसारखा (व्होल्टेज मोजणारा) काही भाग चालू होताना या दोन पिना सुमारे ८० नॅनोसेकंद खाली ओढल्या जातात. तेवढा झटका खोट्या इंटरप्टला पुरतो. बटणाला या दोन पिना देऊच नका. आणि ईएसपी३२ च्या कोणत्याही पिनला ५ व्होल्टचा पुल-अप लावू नका, तिची मर्यादा ३.३ व्होल्टची आहे.

पिन बरोबर, क्रमांक चुकीचा

उनोवर अटॅचइंटरप्ट, म्हणजे पिनला इंटरप्ट जोडणारं फंक्शन, फक्त पिन २ आणि ३ वर चालतं. त्यांचे इंटरप्ट क्रमांक आहेत ० आणि १. कोडमध्ये थेट २ लिहिलं तर तो पिनचा नाही, इंटरप्टचा क्रमांक धरला जातो. उनोवर तसा इंटरप्ट नाही, त्यामुळे काहीच घडत नाही आणि कंपायलरही तक्रार करत नाही. नेहमी डिजिटलपिनटूइंटरप्ट वापरा, म्हणजे हा घोळ होत नाही. मेगावर २, ३, १८, १९, २०, २१ या पिना चालतात. ईएसपी८२६६ वर जीपीआयओ १६ सोडून बाकीच्या जीपीआयओंवर इंटरप्ट मिळतो, मात्र त्यातल्या ६ ते ११ फ्लॅश मेमरीने अडवलेल्या असतात.

एसटीएम३२ वर वेगळी अडचण येते. तिथे पीए० आणि पीबी० या पिनांवरची दोन्ही बटणं एकाच एक्स्टी लाइनवर, म्हणजे बाहेरच्या इंटरप्टच्या एकाच वाटेवर, येतात, एका वेळी एकच चालतं. दोन बटणं हवी असतील तर पिनचे क्रमांक वेगळे निवडा.

आयएसआरमध्ये काय भरलंय

बोर्ड अडकत असेल तर दोष बहुतेक इथेच असतो. आयएसआर चालू असताना उनोवर बाकीचे इंटरप्ट थांबलेले असतात. मिलीस, म्हणजे बोर्ड सुरू झाल्यापासूनच्या मिलीसेकंदांची मोजणी, पुढे सरकत नाही, त्यामुळे मिलीस बदलायची वाट पाहणारं कोणतंही लूप तिथे कायमचं अडकतं, आणि डिलेही नीट चालत नाही. सिरीयल प्रिंट थोडा वेळ चालल्यासारखं वाटतं आणि मग नको तिथे घात करतं. दोन्ही बाहेर काढा. एसटीएम३२ वर एक्स्टीच्या कॉलबॅकमध्ये हॅल_डिले लिहिलं आणि सिसटिकची (त्याची वेळ मोजणाऱ्या टायमरची) प्रायॉरिटी त्याहून वरची नसेल, तर तेही कायमचं अडकतं.

आयएसआर आणि लूप यांच्यात वाटून घेतलेलं प्रत्येक व्हेरिएबल व्होलाटाइल हवं. नाहीतर कंपायलर त्याची जुनी किंमत रजिस्टरमध्ये धरून ठेवतो आणि लूपला बदल दिसतच नाही. उनो ८ बिटांचा असल्यामुळे एका बाइटपेक्षा मोठी संख्या तो एका दमात वाचू शकत नाही. चार बाइटांचा आकडा अर्धा वाचून झाला असताना इंटरप्ट आला तर अर्धा जुना, अर्धा नवा असा भलताच आकडा हाती येतो. म्हणून नोइंटरप्ट्स, आकड्याची प्रत, मग इंटरप्ट्स, एवढ्या तीन ओळी ठेवायच्या.

ईएसपी३२ आणि ईएसपी८२६६ वर आयएसआरच्या आधी आयरॅम_अट्र हवं, म्हणजे ते फंक्शन फ्लॅशऐवजी रॅममध्ये राहतं. ते नसेल तर ईएसपी८२६६ सुरू होतानाच बंद पडतो. ईएसपी३२ मात्र बऱ्याचदा नीट चालतो आणि फ्लॅशमध्ये काही लिहिलं जात असताना नेमकं बटण दाबलं गेलं की कोसळतो. आठवड्यातून एकदा रीसेट होणाऱ्या बोर्डात हे आधी पाहा.

बाउन्स, आणि त्यावरचा अर्धवट इलाज

बटणाच्या आतली पत्र्याची घुमटी खालच्या काँटॅक्टवर आपटते आणि उसळते. हा कंप मिलीसेकंदाच्या अंशापासून काही मिलीसेकंदांपर्यंत चालतो. टॅक्ट स्विचच्या डेटाशीटमध्ये कमाल ५ किंवा १० मिलीसेकंद असा आकडा सापडतो, झिजलेल्या बटणाचा त्याहून जास्त असू शकतो. माणसाच्या बोटाला हे एकच दाबणं. पण १६ मेगाहर्ट्झवर चालणाऱ्या उनोला एका मिलीसेकंदात १६,००० क्लॉक सायकल मिळतात, त्याला प्रत्येक उसळी स्वतंत्र दिसते. इंटरप्टने इथे काही चूक केलेली नसते, प्रत्येक एज, म्हणजे हाय-लो असा प्रत्येक बदल, त्याने इमानाने कळवलेली असते.

आयएसआरमध्ये थोडा वेळ थांबल्याने हे का सुटत नाही, तेही समजून घ्या. आयएसआर चालू असताना आलेली एज हरवत नाही. आयएनटीएफ० नावाच्या फ्लॅगमध्ये ती नोंदली जाते आणि आयएसआर संपल्या संपल्या पुन्हा इंटरप्ट येतो. म्हणून थांबून पाहणाऱ्यांना हमखास दोनचा आकडा दिसतो.

मग सगळे जो उपाय करतात तो हा: मागच्या इंटरप्टपासून ५० मिलीसेकंद झाले नसतील तर दुर्लक्ष. दाबतानाचा बाउन्स याने जातो. सोडतानाचा जात नाही. काळाच्या ओळीवर पाहा. ० मिलीसेकंदाला बटण दाबलं, फॉलिंग एज (हायवरून लो) आली, मोजली. ०.३ आणि ०.९ ला उसळीच्या एज आल्या, त्या ५० च्या आतल्या म्हणून टाकल्या. बोट ४०० मिलीसेकंद तसंच राहिलं. आता सोडताना काँटॅक्ट एकदा सुटला, पुन्हा टेकला, परत सुटला. टेकला त्या क्षणी, ४००.२ ला, पुन्हा फॉलिंग एज. मागची मोजलेली एज ४०० मिलीसेकंद जुनी, म्हणून ही खरी मानली गेली आणि मोजणी दोन झाली. पटकन दाबून सोडणाऱ्याला हा दोष दिसत नाही, सावकाश दाबणाऱ्याला दिसतो. म्हणूनच तुमच्या टेबलावर चालणारं यंत्र दुसऱ्याच्या हातात गेल्यावर चुकतं. ५० चे २०० केल्याने हे सुटत नाही, उलट भराभर दाबलेली खरी बटणं गळायला लागतात.

नीट चालणारी पद्धत अशी. इंटरप्ट चेंज मोडवर ठेवा. आयएसआरने फक्त शेवटच्या एजची वेळ, म्हणजे मिलीस, लिहून ठेवायची. निर्णय लूपमध्ये: शेवटच्या एजला २० मिलीसेकंद होऊन गेले असतील तर पिन वाचायची, आणि ती मागच्या स्थिर स्थितीपेक्षा वेगळी असेल तरच बदल मान्य करायचा. नवी स्थिती लो असेल तर दाबलं, हाय असेल तर सोडलं. सोडतानाची थरथर संपल्यावर पिन हाय दिसते, त्यामुळे खोटं दाबणं मोजलंच जात नाही. वेळेची तुलना नेहमी आत्ताची वेळ वजा जुनी वेळ अशी अनसाइन्ड लाँगमध्ये करा. मिलीस सुमारे ४९.७ दिवसांनी शून्यावर येतो, पंपाचा कंट्रोलर तेवढे दिवस सलग चालतो, आणि बेरीज करून तुलना केली असेल तर तो नेमका त्या दिवशी चुकतो.

माझं स्पष्ट मत असं, की माणसाच्या बोटाने दाबायच्या बटणाला बहुतेक वेळा इंटरप्ट लागतच नाही. दर ५ मिलीसेकंदांनी पिन वाचा, सलग चार वाचनं सारखी आली की मान्य करा. बोटाला २० मिलीसेकंदांचा उशीर कळत नाही, आणि वरच्या निम्म्या तक्रारी उद्भवतच नाहीत. लूपमध्ये लांबलचक डिले आहे म्हणून कोणी इंटरप्ट घेत असेल तर तो डिले काढणं हाच खरा इलाज. इंटरप्टची खरी गरज बॅटरीवरच्या यंत्राला झोपेतून उठवायला असते. तिथे लक्षात ठेवा: गाढ झोपेत आयएनटी० साठी डेटाशीट लो लेव्हलचाच भरवसा देते, आणि लो लेव्हलचा इंटरप्ट बटण दाबलेलं असेपर्यंत सतत येत राहतो. म्हणून आयएसआरच्या पहिल्याच ओळीत डिटॅचइंटरप्ट करायचं, आणि झोपण्याआधी परत जोडायचं.

सुरू होताना येणारा एक फुकटचा इंटरप्ट

पुल-अप लागण्याआधी पिन डळमळलेली असते आणि एजची नोंद फ्लॅगमध्ये आधीच झालेली असते. आधी पिनमोड, मग एक मिलीसेकंद थांबा, मग ईआयएफआर रजिस्टरमध्ये त्या बिटावर १ लिहून फ्लॅग पुसा आणि लगेच इंटरप्ट जोडा. इथे ० लिहून फ्लॅग पुसला जात नाही, १ च लिहावा लागतो.

आता सोल्डरिंग: रेझिस्टर आणि कपॅसिटर

कोड ठीक असूनही आकडा चुकत असेल तरच इथे या. १० किलोओहमचा रेझिस्टर ५ व्होल्टपासून पिनला, ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर, म्हणजे ज्यावर १०४ छापलेलं असतं तो, पिनपासून ग्राउंडला, आणि बटणाच्या वाटेत ३३० ओहम. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हे सगळं सुटं मिळतं. कपॅसिटर बटणापाशी न लावता कंट्रोलरच्या पिनपाशी लावा, नाहीतर मधली वायर अँटेनासारखी वागत राहते.

३३० ओहम गाळू नका. तो नसेल तर भरलेला कपॅसिटर बटणातून थेट रिकामा होतो आणि त्या ठिणगीने काँटॅक्ट हळूहळू जळतो. शिवाय चुकून पिन आउटपुट होऊन हाय गेली आणि बटण दाबलं गेलं, तर या रेझिस्टरमुळे करंट १५ मिलीअँपिअरवर अडतो. उनोच्या पिनची कमाल मर्यादा ४० आहे.

या जोडणीत काँटॅक्ट सुटल्यावर पिन ३ व्होल्टपर्यंत चढायला सुमारे ०.९ मिलीसेकंद लागतात, त्याहून लहान उसळ्या दिसतच नाहीत. बटण जुनं असेल तर १ मायक्रोफॅरड लावा, मग हा वेळ ९ मिलीसेकंदांच्या जवळ जातो. १० मायक्रोफॅरडचा इलेक्ट्रोलिटिक मात्र नको, बटण सुस्त वाटायला लागतं. कपॅसिटर लावला म्हणून कोडमधला डिबाउन्सही काढू नका. चढ फार सावकाश असेल आणि खोट्या एज उरतच असतील तर मध्ये ७४एचसी१४ ही सावकाश चढाला धारदार करणारी चिप टाका. तो सिग्नल उलटवतो, त्यामुळे दाबल्यावर फॉलिंगऐवजी रायझिंग एज येईल.

लांब वायर, रिले, मोटर

आतला पुल-अप तीन-चार मीटर वायरला पुरत नाही. बाहेरून ४.७ किंवा २.२ किलोओहम लावा. वायर पिळलेल्या जोडीची घ्या: नेटवर्क केबलमधली एक जोडी, एक तार सिग्नल, दुसरी ग्राउंड. मोटरच्या वायरबरोबर एकाच पाइपातून ती नेऊ नका. दहा मीटरच्या पुढे थेट पिनला जोडण्याऐवजी पीसी८१७ ऑप्टोकपलर (आतल्या एलईडीच्या प्रकाशातून सिग्नल पुढे देणारा भाग) वापरा. १२ व्होल्टच्या लाइनवर २.२ किलोओहम ठेवला की एलईडीतून सुमारे ५ मिलीअँपिअर जातात, तेवढे भरपूर होतात.

रिलेमुळे खोटा इंटरप्ट येत असेल तर दोष कॉइलचा की लोडचा हे आधी ठरवा. मेन स्विच बंद करून लोडची वायर रिलेवरून काढा आणि रिले रिकामाच टिकटिक करू द्या. खोटे इंटरप्ट तरीही आले तर दोष कॉइलच्या बाजूला आहे: कॉइलवर १एन४००७ डायोड आहे का, पट्टीची बाजू पॉझिटिव्हकडे आहे का, रिले आणि कंट्रोलर एकाच लुळ्या अडॅप्टरवर आहेत का ते पाहा. इंटरप्ट थांबले तर लोडच्या काँटॅक्टवरची ठिणगी कारण आहे. तिथे स्नबर (ठिणगी शोषणारी रेझिस्टर-कपॅसिटरची जोडी) लागतो आणि ते काम २३० व्होल्टवरचं आहे.

कोकणात, पावसाळ्यात, किंवा विहिरीवरच्या पेटीत असलेल्या बोर्डावर ओल हे स्वतंत्र कारण असतं. बटणाच्या पायांमध्ये ओलसर धूळ साचून २० किलोओहमची गळती झाली, तर आतल्या ३५ किलोओहमच्या पुल-अपवर पिन १.८ व्होल्टला बसते, म्हणजे बरोबर त्या बेभरवशाच्या पट्ट्यात. बाहेरून ४.७ किलोओहम लावला की तीच पिन ४ व्होल्टच्या वर जाते. मात्र ही तात्पुरती सोय झाली. बोर्ड साफ करून वाळवा आणि सीलबंद बटण लावा. साफ करताना उघड्या टॅक्ट स्विचवर आयसोप्रोपिल ओतू नका, विरघळलेला फ्लक्स आत झिरपून काँटॅक्टवर बसतो.

शेवटी पिन स्वतः

पिनवरून सगळं काढा, इनपुट_पुलअप ठेवा आणि व्होल्टेज मोजा. मोकळ्या पिनवर ५ च्या जवळ न येता दोन-अडीच व्होल्ट दिसले तर ती पिन गेली. पिन ३ वर हलवून तेच मोजा. तिथे नीट आलं तर काम चालेल, पण पहिली पिन कशाने गेली ते शोधल्याशिवाय पुढे जाऊ नका. काहीच पत्ता लागत नसेल तर आठ चॅनलचा साधा लॉजिक अॅनालायझर काहीशे रुपयांत मिळतो. १ मेगाहर्ट्झ सॅम्पलिंगवर पिन २ पकडली की बाउन्स आणि नॉइज वेगवेगळे दिसतात: बाउन्स दाबण्या-सोडण्याच्या क्षणी झुबक्याने येतो, नॉइज मध्येच कुठेही, एकट्या अणकुचीदार रेघेसारखा.

इथे थांबा

बटण किंवा त्याची पेटी हाताला झिणझिण्या देत असेल तर लगेच मेन स्विच बंद करा. पुढे मीटर लावूनही पाहू नका, लायसन्स असलेल्या इलेक्ट्रिशियनला बोलवा. रिलेच्या लोडच्या बाजूचं कोणतंही काम, स्नबर बसवणं, थ्री-फेज पंपाच्या स्टार्टरमध्ये किंवा कॉन्टॅक्टरच्या कॉइलमध्ये हात घालणं, हे त्याच्याकडूनच करून घ्या. बोर्ड दुसऱ्याच्या मशीनचा, लिफ्टचा किंवा वैद्यकीय उपकरणाचा असेल तर पहिल्या तपासणीआधीच थांबा.

आणि बटण इमर्जन्सी स्टॉपचं असेल तर ते इंटरप्टवर असताच कामा नये. ते नॉर्मली क्लोज्ड काँटॅक्टने कॉन्टॅक्टरच्या कंट्रोल सर्किटमध्येच, कंट्रोलरला वगळून, जोडलेलं असावं लागतं. कंट्रोलरला ते दाबल्याची नुसती खबर मिळाली तरी पुरे. तसं जोडलेलं नसेल तर डिबाउन्स सुधारत बसू नका, मशीन बंद ठेवून जोडणी बदलून घ्या.

तंत्रज्ञाला बोलवताना चार आकडे कागदावर तयार ठेवा: न दाबता पिनवरचं व्होल्टेज, दाबल्यावरचं व्होल्टेज, हात न लावता १० सेकंदांत झालेली मोजणी, आणि लोड काढल्यावरची तीच मोजणी. त्याचा पहिला तास वाचतो.